सर्दी कुणी आणली

उत्तरेकडच्या काजानी गावात, नदीकाठच्या वृद्धाश्रमात हेल्का लेप्पाला बावीस वर्षं म्हाताऱ्यांना न्हाऊ घालत होती. सेल्मा आजीचे केस तर दर शनिवारी तीच धुवायची. दुसऱ्या कुणी हात लावला की आजी सगळं घर डोक्यावर घ्यायची.

त्या डिसेंबरात हेल्काचं नाक गळायला लागलं. ती व्यवस्थापिका राकेलकडे रजा मागायला गेली.

"अगं, सर्दीनं कधी कुणी मेलंय का? मास्क लाव नि लाग कामाला. बदली माणूस कुठून आणू मी?" बोलता बोलता राकेलच खोकली. "ही माझी ॲलर्जी."

ती ॲलर्जी आठवडाभर चालली होती. तशीच खोकत ती नाताळच्या गाण्यांना सेल्मा आजीचा हात धरून तासभर बसली.

पुढच्या आठवड्यात म्हातारी माणसं पटापट आडवी झाली. प्रयोगशाळेची डॉक्टर आली, खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून नमुने घेऊन गेली. दोन दिवसांत सेल्मा आजी आणि एनार आजोबा न्यूमोनियानं गेले. निकाल यायच्या आतच राकेलनं बैठकीत सांगून टाकलं, "शिंकत कोण आलं होतं, सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही." बघत मात्र ती हेल्काकडेच होती.

गुरुवारी सौनात, सगळ्यांच्या वाफेच्या न्हाणीत, हेल्का वरच्या फळीवर बसली, तशा बाकीच्या बायका एकेक करून खाली उतरल्या. दफनाच्या वेळी सेल्मा आजीचा मुलगा उर्पो यानं हेल्कानं पुढे केलेला हात घेतला नाही. हेल्का रडली नाही. बावीस वर्षांत तिनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आता मात्र सकाळी डोळे उघडले की पहिली राकेल आठवायची, आणि दात आपोआप आवळले जायचे.

जानेवारीत प्रयोगशाळेकडून ज्याचं त्याला पत्र आलं. हेल्काच्या पत्रात होतं: ऱ्हायनोव्हायरस, साधी सर्दी. तिनं डॉक्टरला फोन केला. "मग आजीला काय होतं?"

"ते मी घरच्यांनाच सांगू शकते."

हेल्का तडक उर्पोच्या दारात गेली आणि कागद त्याच्या हातात कोंबला. त्यानं वाचला, आत जाऊन आईचा कागद आणला. आरएस विषाणू. खाली डॉक्टरनं लिहिलं होतं, धडधाकट माणसाला यानं नुसता खोकला होतो, म्हाताऱ्यांच्या छातीत उतरला तर जिवावर बेततं.

"तुझा नव्हताच तर," उर्पो खाली मान घालून म्हणाला.

"कुणाचा तरी होताच ना. शुक्रवारी आश्रमात कॉफीला ये."

शुक्रवारी राकेलच्या वीस वर्षांच्या सेवेचा सत्कार होता. नगरपालिकेचे साहेब फुलं घेऊन आले होते. केक कापायच्या आधी हेल्का उठली आणि तिनं आपला कागद फलकावर टाचला.

"हा माझा. बायांनो, लावा आपापला."

सोबत काम करणारी काइसू उठली, तिला इन्फ्लुएंझा निघाला होता. स्वयंपाकिणीला कोविडचा नव्हे, जुना, साध्या सर्दीचा कोरोना. धोबिणीच्या नमुन्यात काहीच सापडलं नव्हतं. शेवटी उर्पोनं आईचा कागद टाचला.

"राकेल, तुझा?"

"असलं खाजगी असतं."

"माझ्याकडे बघून बोललीस तेव्हा नव्हतं खाजगी?"

राकेलच्या हातातली सुरी केकवरच थांबली. साहेबांनी फुलं टेबलावर ठेवली. "राकेल, जरा बाहेर या."

बाहेर तिनं कबूल केलं. तिच्या कागदावरही आरएसच होता. महिनाभरात तिची बदली झाली. डॉक्टर हेल्काला फोनवर म्हणाली, "यावरून कुणी कुणाला दिला हे ठरत नाही हं. तिलाच आजीकडून लागला असेल."

"माझं ठरलंय," म्हणत हेल्कानं फोन ठेवला.

एप्रिलमध्ये राकेल हेल्काच्या दारात आली. चेहरा उतरलेला, हातात घरी भाजलेले पाव. "हेल्का, चुकलं माझं."

"आजीच्या थडग्यापाशी जाऊन सांग," हेल्का म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. खिडकीच्या पडद्याआडून ती राकेलला बर्फाच्या चिखलातून अडखळत जाताना रस्ता संपेपर्यंत बघत राहिली. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.