मधल्या ओट्याची चिमणी

मंगलाबाईंनी आयुष्यात एकही वस्तू तपासल्याशिवाय घेतली नाही. खापर घेताना त्या ते कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवतात, ते एक वेळ ठीक; खान्देशातली कुठलीही बाई पुरणपोळीचं खापर असंच घेते. पण मिक्सर घेताना त्यांनी पिशवीतून खोबरं काढून दुकानातच चटणी वाटली होती, आणि कुकर घेताना दुकानदाराला तीन शिट्ट्यांची तूरडाळ चाखायला लावली होती. नवरा तेवढा न तपासता पत्करला, तोही वडिलांनी घाई केली म्हणून, हे त्या नवऱ्यासमोरच सांगतात. नवरा, म्हणजे राघो, तेव्हा पेपर वाचत असतो.

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत हे जोडपं तळमजल्यावर राहतं. राघोने तीस वर्षं कापडाचे खडखडणारे लूम दुरुस्त केले आणि आता तो कानांना विश्रांती देतो. मंगलाबाई काळा मसाला आणि खापराच्या पोळ्या करून विकतात. ही पोळी लाटत नाहीत. हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. भिंतीला चिकटलेल्या ओट्यापाशी हे करायला गेलं तर निम्मी पोळी भिंतीवर भाजायची. म्हणून त्यांनी जुना ओटा फोडून स्वयंपाकघराच्या बरोबर मध्ये नवा बांधून घेतला. गवंडी म्हणाला, "बाई, हा ओटा आहे का समाधी?" आता त्या समाधीच्या चारही बाजूंनी चार बायका उभ्या राहतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, साठ घरांच्या पोळ्या उतरवतात.

पण १९९७च्या उन्हाळ्यात हे सगळं बंद पडायची वेळ आली. बरोबर वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी ललितभाई राहतात. त्यांच्या घरी तिखट म्हणजे डाळीतला हिरव्या मिरचीचा एक तुकडा, आणि तोही वाढताना बाजूला काढतात. खाली मिरची भाजायला घेतली की वर ललितभाई शिंकायला लागायचे. अखेर ते लाल डोळ्यांनी खाली आले. "बेन, बहुत हो गया. आखाजीपर्यंत चिमनी लगवाओ, नहीं तो धंधा बंध. कमिटीमां ठराव थई गयो छे."

ते गेल्यावर राघो पेपरातून म्हणाला, "आते लाईट कोठे जास वं? चिमणी कसाले?" त्याच्या डोळ्यांपुढे रॉकेलची चिमणी होती.

"तुमी गुपचाप बठा," मंगलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते दोघं आणि शेजारी म्हणून मी असे तिघं रिक्षाने घोडदौड रोडच्या एका झगझगीत शोरूममध्ये गेलो. मी बँकेत असल्यामुळे इंग्रजी वाचायला म्हणून मला नेलं होतं. मांडीवर एक जड पिशवीही दिली होती. तिला रॉकेलचा वास येत होता, पण मला विचारायचा धीर झाला नाही.

योगेंद्र नावाच्या टापटीप विक्रेत्याने आम्हाला काचेच्या, भिंतीवरच्या चिमण्या दाखवल्या. "मासी, कमाल देखो." त्याने एक चालू केली आणि खाली कागदाचा रुमाल धरला. रुमाल वर जाऊन जाळीला चिकटला. योगेंद्रने जादूगारासारखे हात पसरले.

"कागद माझ्या खिडकीला पण चिटकतो," मंगलाबाई म्हणाल्या. "कागद भाजून कोण खातं? आणि ही भिंतीवरची झाली. माझा ओटा मध्ये आहे."

"ओह, आयलँड किचन!"

"म्हणजे काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अखेर माझी वेळ आली होती.

"बेट," मी म्हणालो.

"बेटबिट काही नाही. ओटा आहे. मधला."

योगेंद्र आम्हाला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे संगमरवरी ओटा होता आणि त्यावर छतातून एक स्टीलची चिमणी लोंबत होती. दोन वर्षं तिथेच लोंबत होती, कारण अख्ख्या सुरतेत स्वयंपाकघराच्या मधोमध ओटा बांधणारी बाई अजून दुकानात आली नव्हती. किंमत बावीस हजार. मंगलाबाईंनी घरून ठरवून आणलेली रक्कम आठ हजार.

त्यांनी आधी पेराने चिमणी वाजवली आणि कान दिला. मग माझ्या हातातली पिशवी घेतली. त्यातून रॉकेलचा स्टोव्ह, तवा आणि नंदुरबारची अर्धा किलो मिरची निघाली.

"मासी, मासी, ये डिस्प्ले है!"

"मग डिस्प्ले करू दे ना तिला, बेटा."

योगेंद्र मॅनेजर शोधायला धावला, तोवर स्टोव्ह पेटला होता. राघोने लूमवरच्या सवयीने स्टोव्हचा आवाज ऐकून ज्योत जरा कमी केली. तवा तापला. पहिली मूठ पडली, मिरची काळवंडली आणि तो धूर उठला, जो उठला की मी नेहमी खिडकी गाठतो. मी डोळे मिटून श्वास रोखला. काही झालं नाही. डोळे उघडले तर धूर शहाण्या मुलासारखा सरळ रांगेत वर जात होता. दुकानात कुणी खाकरलंसुद्धा नाही.

"वढी ऱ्हायनी!" राघो खुशीत म्हणाला. ओढतेय!

वढत तर होतीच. पण वढून पाठवत कुठे होती? शोभेच्या त्या चिमणीचा पाइप खोट्या छतावर नुसता सोडून दिला होता, आणि त्या छतावर होती दुकानाच्या मालकाची, शेठजींची, बंद काचेची, एअर कंडिशन्ड केबिन.

आधी वरून एक शिंक आली. मग तीन. मग केबिनचं दार उघडलं आणि रुमाल तोंडाला लावलेले शेठजी जिना उतरून आले. "कोण छे? शुं बाळे छे? क्या जला रहे हो?"

मंगलाबाईंनी अदबीने नमस्कार केला. "शेठ, तुमची चिमणी चांगली आहे. आठ हजारला देता का?"

"आठ? बावीस का माल है!"

"मग अजून थोडी बघते," असं म्हणून त्यांनी दुसरी मूठ भरली.

शेठजींनी त्या मुठीकडे पाहिलं, मग वर केबिनकडे. शिंक आवरत ते म्हणाले, "ले जाओ, बेन. आठमां ले जाओ. आज ही ले जाओ. योगेंद्र, खोल!"

पाइपाचं काम राघोने स्वतः केलं. जवळच्या उधन्याच्या पत्रेवाल्याकडून नळकांडं करून आणलं आणि मागच्या भिंतीने गच्चीच्याही वर नेलं. आखाजीच्या आठ दिवस आधी मंगलाबाईंनी ललितभाईंना निरोप धाडला: उद्या दहाला मसाला भाजते, गॅलरीत उभं राहून तपासा.

ललितभाई दहाच्या ठोक्याला नाकाला रुमाल, हातात घड्याळ आणि खिशात ठरावाचा कागद घेऊन गॅलरीत उभे राहिले. साडेदहाला त्यांनी रुमाल खाली घेतला. अकराला ते कठड्यावरून वाकले आणि वैतागून ओरडले, "बेन, चालू करो ने! मोडुं थाय छे, देर हो रही है!"

खाली मधल्या ओट्यावर आठ किलो मिरची भाजून, पसरून, गार झाली होती. मंगलाबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"ललितभाई, खाली येऊन दळायला हात लावता का? भाजणं कधीच झालं."