पाच लाख दहा हजार पाचशे दहा

पंपांच्या कारखान्यात पत्र्याच्या पट्ट्यांवर हातोडीनं क्रमांक ठोकणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘ठोके’ म्हणत. बत्तीस वर्षं आकडे त्यानं ठोकले, पण वेड त्याच्या बायकोला. दिवसाचा शेवटचा क्रमांक तो घरी आणायचा आणि ती शिवणयंत्रावरून मान न उचलता त्याचे अवयव पाडायची.

“तिनानं भाग जातो. अंकांची बेरीज करा ना! डोळे कारखान्यात विसरलात का?”

नव्या संसारात तिनं एकदा बजावलं होतं, “पाच लाख दहा हजार पाचशे दहा आला की तो तुम्हीच ठोकायचा. पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार आहे तो!”

“मूळ म्हणजे?”

“एक आणि ती स्वतः सोडून कुणालाच दाद देत नाही ती. तुमच्या आईसारखी.”

दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडू लागला. आधी कात्री, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, जुनं शेवटपर्यंत टिकतं. तेवढ्या शब्दावर ठोके तग धरून राहिला. या आकड्यानं ती जागी होईल, निदान एक संध्याकाळ परत मिळेल, म्हणून साहेबांच्या मिनतवाऱ्या करून त्यानं निवृत्ती चार महिने पुढे ढकलली.

मंगळवारी तो क्रमांक आला. सुट्टी व्हायच्या आत त्यानंच तो ठोकला. घरी चपलाही न काढता तो तिच्यापुढे बसला.

“अगं, आला! पाच लाख दहा हजार पाचशे दहा.”

तिचे ओठ हलले. “दोन... तीन... पाच... सात...” ठोके पुढे सरकला. “उरले दोन हजार चारशे एकतीस.” ती थांबली. “ही मूळ. संपलं.”

“बरोबर,” तो म्हणाला. “अगदी बरोबर.”

“काय बाबा!” कणीक मळता मळता लेक हसली. “अकरानं जातो की! दोन नि तीन पाच, चार नि एक पाच...” बापाचा चेहरा दिसला आणि ती गप्प झाली.

पण ऐकायचं ते आईनं ऐकलं होतं.

“अहो, मी चुकले?”

“एवढंसं गं.”

“मग बरोबर का म्हणालात? इतक्या वर्षांत एक चूक पोटात घातली नाहीत माझी.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे मी एवढी गेले.”

त्यानं वाकून चपला काढल्या.

“उद्यापासून आकडा आणू नका,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

सकाळी त्यानं पुढचा क्रमांक ठोकला, पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. सवयीनं खडू घेऊन टेबलावरच भागायला बसला. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. कशानंही भागा, बाकी एकच. हा मूळ, असं ठरवून त्यानं खडू खाली ठेवला.

एकोणीसनं निःशेष भाग गेला असता. पण ‘अहो, थांबलात काय, पुढे चला की,’ असं म्हणणारं आता कुणी नव्हतं. त्यानं बाहीनं टेबल पुसलं आणि पुढची पट्टी ओढली.