मैदानावरची तांबडी माती

ती घटना आजही आठवली की मला एका जागी बसवत नाही. पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली, तरी खुर्चीतून उठतो आणि ओसरीवर फेऱ्या घालू लागतो. घरचे हसतात. म्हणतात, चोरी तरी कसली, तर मातीची! त्यांचंही खरं आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे कागद बांधून ठेवले तसे ते डोक्यातूनही गेले. ही एक तेवढी बसून राहिली.

काळ निजामाच्या अंमलाचा. परभणीच्या ठाण्यावर मी अमीन म्हणून नवाच रुजू झालो होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार समजा. फिर्यादी मराठीत रडायचा, ठाण्याची नोंदवही, म्हणजे रोजनामचा, उर्दूत लिहायचा, आणि खरं काय घडलं ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सांडून जायचं. ते वेचायचं कसं, हे मला माझ्या जमादाराने शिकवलं. पेडगावचा शेतकरी माणूस, उभं आयुष्य खात्यात गेलेलं, पेन्शन तोंडावर आलेली. तरुणपणी कुस्त्या केल्यामुळे मान खांद्यात रुतलेली. मी आलो त्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं होतं, "साहेब, सवाल इचारल्यावर माणसाच्या तोंडाकडं बघू नका. तोंडाला खोट्याची सवय असती. पायाकडं बघा. पाय येडे असतात." मी तसं बघू लागलो आणि ते कामाला येऊ लागलं.

गावाला लागून एक जुनं मैदान होतं. उरसात तिथे कुस्त्यांचा फड लागायचा, आणि एरवी एका कडेला तालमीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, चालायचा. आमचा मुलूख सगळा काळ्या मातीचा. हौद्यातली तांबडी माती कुणा जुन्या पिढीने लांबून गाड्या भरून आणली होती आणि नंतरच्या प्रत्येक पिढीने तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू जिरवलं होतं. जवळून गेलं तरी वास यायचा. तिथला वस्ताद म्हातारा मुसलमान होता, बोलणं मात्र अस्सल इथलं. मैदानाच्या उरलेल्या भागात संध्याकाळी शाळेची मुलं हॉकी खेळत. त्यांना शिकवायला हैदराबाद शहरातून एक तरुण ड्रिलमास्तर आला होता. सडसडीत अंग, कपड्याची घडी मोडू न देणारा, आणि जीभ जरा तिखट.

तालुकदारसाहेब म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर. त्यांच्या मनात आलं की या मैदानाचं स्टेडियम करायचं. चहूबाजूंनी भिंत, बसायला दगडी पायऱ्या, मोठं फाटक. कुस्ती, हॉकी, फुटबॉल सगळ्यांना एकच जागा आणि प्रत्येकाला वेळ वाटून दिलेली. बेत चांगला होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण नकाशात नेमका हौद्याच्या जागी पायऱ्यांचा पाया आला. तुम्हाला नव्या कोपऱ्यात नवा हौदा देऊ, असं तालमीला सांगितलं गेलं. मातीचं काय, असं वस्तादाने विचारलं, तेव्हा कामाचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, म्हणाला, मैदानावर खणून निघेल ते सगळं सरकारी, ते पायऱ्यांखाली भरावात जाईल. हुकूमही तसाच निघाला. मैदानावरून एक पाटी माती कुणी हलवायची नाही.

"आमी जी माती कपाळाला लावतो, तिच्यावर लोक पायतानं घालून बसणार व्हय?" वस्ताद ठाण्यात येऊन मला विचारून गेला. हुकूम माझ्या हातचा नव्हता.

तेव्हापासून मैदानावर दोन तट पडले. हॉकीवाल्यांना वाटे, हे पैलवान स्टेडियम होऊ देणार नाहीत. पैलवानांना वाटे, हॉकीवाल्यांनीच साहेबांचे कान भरले. एका संध्याकाळी शब्दाला शब्द लागला आणि ड्रिलमास्तर सगळ्यांदेखत बोलून गेला, "ये मिट्टी मैं एक दिन उठवा के रहूंगा!"

त्यानंतरच्याच बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पैलवान लंगोट कसून हौद्यावर आले, तर हौदा रिकामा. खाली नुसती काळी जमीन उघडी पडलेली.

दिवे लागायच्या आत ठाण्यासमोर गर्दी जमली. पैलवानांनी एकाच माणसाचं नाव घेतलं. दुसऱ्या बाजूने हॉकीची मोठी मुलं काठ्या घेऊन निघाल्याची खबर आली. माझ्याकडे जवान मोजकेच. त्यात जमादार कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, ड्रिलमास्तरला आत घ्या. आत्ताच घ्या." त्याची घाई मला जरा नवलाची वाटली. एरवी कुणाला हवालातीत घालायचं म्हटलं की हाच म्हणायचा, थोडं थांबा. पण त्या वेळी विचार करायला सवड नव्हती. ड्रिलमास्तरला आणलं.

त्याची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. स्टेडियम झालं की तिथला खेळांचा मास्तर म्हणून त्यालाच नेमायचं ठरलं होतं. चोरीच्या गुन्ह्यात कोर्टात चालान गेलं असतं, तर ती नेमणूकही गेली असती आणि शाळाही. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि गावालाही.

मी विचारलं, "बाजाराच्या दिवशी दुपारी कुठे होतात?"

"शाळेला सुट्टी होती. खोलीवर होतो."

"बरोबर कोण?"

"कुणी नाही." तो उर्दूत बोलत होता, मी मराठीत लिहितो आहे. "मी बोललो ते खरं, अमीनसाहेब. संतापात बोललो. पण बोलला त्यानेच केलं असं धरलं, तर या गावात रोज किती खून होत असतील?"

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय थरथरत होते. पण हवालातीत पहिल्यांदा आलेल्या कुणाचे थरथरत नाहीत? ती दुपार सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नव्हतं आणि ती खोडायला माझ्याजवळ काही नव्हतं. आत तो गजांमागे फेऱ्या घालायचा, बाहेर व्हरांड्यात मी. पहाऱ्यावरचा जवान बिचारा एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

मला एक गोष्ट उलगडत नव्हती. हौद्याची माती काही खिशात मावत नाही. भरदिवसा, बाजारच्या गर्दीत ती गेली कशी? गुत्तेदाराच्या गाडीवानांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या गाड्या दिवसभर मुरूम आणत होत्या आणि काळी माती नेत होत्या. त्यात अजून कुणाच्या दोन गाड्या आल्या-गेल्या, तर कुणाला कळणार? तिथे माझ्या ध्यानात आलं की चोर धीट होता आणि शहाणाही. त्याने अंधार शोधला नव्हता, चालू काम शोधलं होतं.

खबर आणली ती मैदानाच्या तोंडाशी गवताचे भारे विकणाऱ्या एका बाईने. ठाण्याच्या पायरीवर बसून आधी पदराने तोंड पुसलं, मग म्हणाली, "साहेब, मैदानात कडबा पिकतो का?"

"म्हणजे?"

"कडब्याच्या गाड्या गावात येतात. माझं पोट त्याच्यावरच हाय, मला कळतंय. त्या दिवशी गाड्या मैदानातून भायेर निघाल्या, वरून कडबा. आन् चाकं अशी रुतायलीती की बैलं फेसाला आली. कडब्याचं येवढं वजन आस्तंय व्हय?"

"कुठल्या रस्त्याने गेल्या?"

"पेडगावच्या."

बाई गेल्यावर मी जमादाराला शोधत मागच्या पडवीत आलो. तो बूट काढून, मांडी घालून भाकरी खात होता. मी म्हणालो, "जमादार, जेवण उरका. पेडगावच्या रस्त्याने जाऊन येऊ."

"तिकडं काय हाय साहेब? उन्हाचं तुमी कशाला? माझं गावच हाय, मी बघून येतो." बोलणं नेहमीसारखंच, चेहराही शांत. पण त्याने एक पाय हळूच दुसऱ्या पायाखाली ओढून घेतला.

मी बघितलं. टाचा भेगाळलेल्या, शेतकऱ्याच्या असतात तशाच. त्या भेगांतून तांबड्या रेघा होत्या. तेल मुरलेली माती पाण्याने सुटत नाही.

ज्या माणसाने मला हे काम शिकवलं, त्याच्यासमोर उभा राहून मी म्हणालो, "जमादार, तुमच्या पायाकडे बघू का?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या टाचांकडे. हातातली भाकरी ताटलीत ठेवली.

"माझ्याच कोठ्यात हाय साहेब," तो म्हणाला. "शेतात. बैलं भायेर बांधली आन् माती आत ठिवली."

"का?"

"वस्तादानं हात जोडले. त्या मातीत मी घडलो. लेकराला इतकी हळद लावली नसंल, तेवढी तिला लावलीय. पायऱ्याखाली गाडू देऊ? नवा हौदा झाला की गपचूप आणून टाकायची, असं ठरलं होतं. हुकूम मोडला म्हनून माझी पेन्शन जाईल, ह्ये ठाव होतं. म्हनून वस्ताद सोडून कुणाला बोललो न्हाई, पैलवान पोरांनाबी न्हाई."

"आणि तो आत बसलाय तो?"

"त्याला आत मीच घ्यायला लावलं की. भायेर असता तर पोरांनी त्याचं तंगडं मोडलं असतं. पुरावा न्हाई, तुमी दोन रोजात सोडाल, असा मी हिशोब धरला."

मी ओरडलो. ठाणं ऐकेल इतक्या मोठ्याने ओरडलो. त्याला वाचवलं म्हणता? कुणापासून? तुम्ही केलेल्या कामापासूनच ना! जमादार मान खाली घालून बसून राहिला. तो दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही पेडगावला गेलो. कोठ्याचं दार उघडताच हळदीचा वास आला. पंचनामा झाला. परत आल्यावर मी आधी हवालातीचं कुलूप काढलं, मग तालुकदारसाहेबांकडे गेलो आणि एवढंच मांडलं की ही माती मैदानातून निघालेली नाही, तालमीने बाहेरून आणलेली आहे, म्हणून ती गुत्तेदाराची होत नाही. साहेबांना मातीशी देणंघेणं नव्हतं. पायाभरणीला वरचे साहेब येणार होते आणि त्यांना मैदान शांत हवं होतं. "मिट्टी वापस लाओ, झगडा मिटाओ," म्हणाले. तालमीने फिर्याद मागे घेतली. जमादाराचं नाव मी वर कळवलं नाही, पण त्याला एक अट घातली. जे केलं ते मैदानावर, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

त्याने सांगितलं. कमी-जास्त न करता सांगितलं. गाड्यांवरून माती उतरत होती, पैलवान एका बाजूला, हॉकीची मुलं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा म्हातारा पागोटं काढून उभा. शेवटी ड्रिलमास्तरकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुमचा यात काही संबंध न्हाई. मला माफ करा." वस्तादाने पुढे होऊन मूठभर माती उचलली आणि मास्तरच्या कपाळाला लावायला हात वर केला.

मास्तर मागे सरकला. चिडला नव्हता. त्याने आधी त्या गाड्यांकडे पाहिलं, मग जमादाराकडे.

"माती तर गाडीत घालून परत आणलीत, जमादार. माझं नाव कुठल्या गाडीत घालून आणणार?"

जरा वेळाने लोक पाट्या घेऊन नव्या हौद्यासाठी खणलेल्या कोपऱ्याकडे वळले.

स्टेडियम झालं, आणि चांगलं झालं. सकाळी शड्डूचे आवाज, संध्याकाळी हॉकीच्या काठ्यांचे. त्याच पायऱ्यांवर दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून बसू लागली. ड्रिलमास्तरची नेमणूक पक्की झाली. कागदावर त्याचं काहीही गेलं नव्हतं. जमादार पूर्ण पेन्शन घेऊन पेडगावला गेला. मी स्वतःला समजावलं की प्रकरण निकाली निघालं. गेलेला माल परत आला, निर्दोष सुटला, दंगा टळला. पोलिसाने याहून काय करायचं?

त्यानंतर एका उरसाआधी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ ठाण्यात आले. स्टेडियमच्या कोठीतली हॉकीच्या गोलाची जाळी गायब होती. मी पाणी दिलं, रोजनामचा उघडला आणि विचारलं, "संशय कुणावर?"

"आमी कुणाचं नाव घेत न्हाई साहेब," ते म्हणाले. "पण त्या ड्रिलमास्तरला एकदा इचारा. त्योच ना, मागं मातीच्या चोरीत धरलेला?"

हे गृहस्थ त्या दिवशी मैदानावर हजर होते. जमादाराचा कबुलीजबाब त्यांनी पुढच्या रांगेत उभं राहून ऐकला होता. जाळी नंतर धोब्याकडे सापडली. शाळेच्या शिपायानेच ती धुवायला दिली होती. पण ते पुढचं झालं. त्या क्षणी मी सवयीने त्या गृहस्थांच्या पायांकडे पाहिलं. पाय अगदी स्थिर होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

मी लेखणी खाली ठेवली, उठलो आणि व्हरांड्यात फेऱ्या घालू लागलो.