दोन सूत

लोक तिला आरामशीन म्हणत. आरा म्हणजे मोठी करवत हे मलाही कळतं, पण त्या नावातला ‘आराम’ ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. सन तीस उलटून गेलं होतं. सोलापुरात मी शाळेत गणित शिकवत होतो, आणि कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, सरकी काढायच्या एका बंद कारखान्यातून ही मशीन उचलून घरी आणली. एक गोल पातं, एक डगमगतं टेबल, आणि घासलेटावर चालणारं, म्हणजे बहुतेक वेळा न चालणारं, इंजिन.

दुर्बुद्धीला कारण होतं. माझे वडील, आबा, यांनी जन्मभर सुतारकाम केलं. आता त्यांचे हात थरथरत आणि मोतीबिंदू पिकत आला होता. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आबांनी जाहीर करून टाकलं, की बारशाला नातवंड निजेल ते त्यांच्या हातच्या पाळण्यात. “ह्यो शेवटचा. ह्याच्या फुडं म्या रंधा धरणार न्हाय.” परसातल्या छपराखाली शिसवाचा एकच ओंडका त्यांनी बारा वर्षं वाळत ठेवला होता. तो हातकरवतीने कापायला दोघं लागतात, आणि आबांचा करवतीवरचा जोडीदार केव्हाच वारला होता; मला करवत धरता येत नव्हती. म्हणून ती मशीन.

तीन आठवडे ती आमच्या उरावर बसली. ऐन उन्हाळ्यात, गल्लीत प्यायच्या पाण्यासाठी भांडणं चाललेली असताना, इंजिन थंड ठेवायला दहा-दहा बादल्या पाणी लागे. आई आडावरून खेप घेऊन आली की म्हणायची, “म्हस पाळली असती तर दूध तरी दिलं असतं की.” पाणी ओतावं, चाकाला हिसका द्यावा, तर इंजिन दोनदा खोकून गप्प बसे. चाललंच, तर पट्टा निसटे. तो पट्टा चढवायचं कसब एकट्या शेजारच्या मागवाल्याकडे होतं. घरात तेलुगू बोलणारा, पिढ्यान्‌पिढ्या विणकर, बोटांचा फार नेमका माणूस. माग बंद ठेवून तो बिचारा माझ्यासाठी यायचा, आणि मी त्याच्यावरच खेकसायचो.

बहीण बाळंत झाली, मुलगी झाली, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी इंजिनाला उपरती झाली. बारशाला नऊ दिवस उरले होते. भुशाने डोळे चुरचुरतात म्हणून आबा ओसरीवर बसले. जाताना मला बजावून गेले, “फळी इंचाची, वर दोन सूत. रंध्याला दोन सूत सोडायचं, ध्येनात ठेव.”

सूत म्हणजे नेमकं किती, हे मी विचारलं नाही. सुताराच्या पोराने, त्यातून गणिताच्या मास्तरने, ते कोणत्या तोंडाने विचारायचं?

फळी किती जाड पडायची ते टेबलावरच्या एका लोखंडी पट्टीवर ठरे. ती पट्टी लावायला मागवाला वाकला. इंजिनाच्या धडधडाटात मी ओरडलो, “एक इंच, वर दोन सूत!”

“विसाचं का चाळिसाचं, मास्तर?” तो ओरडला.

कसलं वीस आणि कसलं चाळीस! नाकातोंडात भुसा गेलेला, पट्टा तोवर दोनदा निसटलेला, मागे आई पाण्याच्या नावाने बोटं मोडतेय. मला वाटलं, इंजिनाचं काहीतरी विचारतोय. “चाळिसाचं!” म्हणालो, सुटका व्हावी म्हणून.

ओंडका संपला. आबा आले आणि वरच्या फळीच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. फळीवर पात्याने नांगरल्यासारख्या रेघा ओढल्या होत्या.

“सूत किती सोडलंस?”

“दोन.”

“कुटं हाय?”

“हे काय की,” मागवाला कौतुकाने म्हणाला, आणि पट्टीच्या कडेला लावलेले दोन पांढरे धागे त्याने अलगद उचलून दाखवले. “चाळिसाचं सूत, बारीकातलं. दोन धागे. येक बी इकडचा तिकडं केलो न्हाय.”

माझा तोल सुटला. “अरे, सूत म्हणजे धागा नव्हे!”

“मग काय असतंय? जन्मल्यापासून मी सूतच बघतोय की.”

“सूत म्हणजे...” मी म्हणालो.

“इंचाचं आठ भाग कर,” आबा म्हणाले. “त्यातला येक म्हंजे सूत.”

म्हणजे दोन सूत पाव इंच. रेघा रंध्याने काढायच्या तर इंचाची फळी पाऊण इंचावर येणार, आणि दुसरा ओंडका नाही. मी मशीनला शिव्या घातल्या, इंजिनाला घातल्या, मागवाल्याला तर वाटेल ते बोललो. आबा फळ्यांवर बसून होते.

“त्येच्यावर कशाला वरडतूस? चूक माजी हाय. ल्हानपणी करवतीला हात लावलास की म्या तुला हाकलायचो. जा, पाटी घे म्हनायचो. सुताराचं पोर, आन् सूत ठावं न्हाय. म्या शिकवलंच न्हाय की तुला.”

मला इतकी लाज वाटली, की मागवाल्याकडे बघवेना.

दुसऱ्या सकाळी आबांनी खाचा पाडायची पटाशी माझ्या हातात दिली. आठ दिवस मी शाळा सुटली की धावत घरी यायचो आणि शिव्या खायचो. “तसं न्हाय, लेका! हितं धर. आंगठा तोडतूस का काय?” फळ्या पातळ, म्हणून खाचा उथळ घ्याव्या लागल्या. तळाला एवढी पातळ फळी बसवायला आबा तयार होईनात, तेव्हा मागवाल्याने जाड नवार विणून आणली. माझ्याशी तो अजून बोलत नव्हता. “ह्ये सूत घ्या,” असं आबांना सांगून गेला.

बारशाच्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या. कुणीतरी म्हणालं, “आबा, हात अजून तसाच आहे हो तुमचा!” आपला शेवटचा पाळणा म्हणून आबांनी जिवाचं रान केलं होतं. आता मान ताठ करून ‘मीच केला’ म्हणतील, असं मला वाटलं.

“आमी दोघांनी केला,” आबा म्हणाले. मग त्या बाईचा हात धरून त्यांनी तो पाळण्याच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. “ह्यो कोपरा पोराचा. तिरका हाय, बगा.”

दिवस मावळेपर्यंत जी जी बाई आली, तिला ते तो तिरका कोपरा चाचपून दाखवत होते.