पियानोतली बाळंतीण

आठवीत शाळा सुटली आणि मी कोकणातून थेट जुन्या इंदुरात आत्याकडे येऊन पडलो. आत्यानं ताट दिलं. आतोबांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, एका दुकानात चिकटवून दिलं. त्यांचे उपकार मी झोपेतही विसरत नसे. भीतीही तशीच उशाला असायची: हे घर बंद झालं तर?

ते बंद होण्याची वेळ आलीच होती. नव्या प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली होती आणि एकेक खातं तिच्यामागे वरातीमागच्या घोड्यासारखं निघालं होतं. बदलीच्या यादीत आतोबांचंही नाव होतं. ते भोपाळला, आत्या त्यांच्याबरोबर, आणि मी परत गावी.

आतोबांनी बचाव शोधला तो बैठकीतल्या पियानोत. एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना तो त्यांच्या वडिलांना दिला होता. वाजवता कुणालाच येत नव्हता. घराणं दरबारच्या रिसाल्यातलं; पण विलीनीकरणात तलवारी गेल्या, तेव्हा खंडेनवमीला पुजायला शस्त्र उरलं नाही. मग घरातली सगळ्यात भारी वस्तू म्हणून दरवर्षी पियानोची पूजा व्हायची. झाकण उघडून पट्ट्यांना हळदकुंकू, वर अक्षता.

आतोबांचा युक्तिवाद सरकारी होता: पियानो हलू शकत नाही, सबब मीही हलू शकत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला बदल्यांचे साहेब येणार होते. त्यांना पियानोतलं कळतं म्हणून आतोबांनी आठवडाभर पुस्तक घोकलं आणि श्रोता म्हणून मला बसवलं.

"आपल्या पेटीत हवा बोलते. यात तार बोलते. पट्टी दाबली की आतली हातोडी उडते, तिच्या तोंडाला नमदा, म्हणजे दाबलेली लोकर; तारेला ठोकून लगेच मागे. पट्टी सोडली की नमद्याची गादी तारेवर बसते, आवाज बंद. समझे?"

"आणि तारा ढिल्या होत नाहीत?"

"अरे, लोखंडी चौकट आहे आत! एवढ्या तारांचा ताण ती एकटी झेलते. म्हणून तर वजन. हलवला की सूर गेले!" शेवटचं वाक्य ते बाहेर ओट्यावर ऐकू जाईल असं म्हणाले.

साहेब आले. सोनं दिलं-घेतलं, चहा आला. आतोबांनी हातोडी, तार, चौकट एका दमात म्हणून दाखवली. साहेबांनी कौतुकानं पट्टी दाबली. ती खाली गेली आणि तिथंच राहिली. दुसरी दाबली, तर पत्र्याच्या डब्यावर चमचा पडावा तसा टणत्कार.

"हातोडी का नमदा कहाँ गया, भई?" म्हणत साहेबांनी समोरची फळी काढली.

पट्ट्यांच्या फटींतून वर्षानुवर्षांच्या अक्षता आत सांडल्या होत्या. अक्षतांमागून उंदीर आले होते. हातोड्यांचा नमदा कुरतडून त्यांनी कोपऱ्यात मऊ गादी केली होती आणि गादीवर गुलाबी पिल्लं वळवळत होती.

आतोबांचा चेहरा पाहून मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

साहेब म्हणाले, "अब तो सुर जाने का डर नहीं. भोपाल ले चलिए."

आत्या पदर सावरत पुढं आली. "ऐसे कैसे, साहेबजी? बाळंतीण है घर में. गणपतीचं वाहन. सवा महिना आमच्यात बाळंतिणीला हलवत नाहीत."

साहेब बघतच राहिले. मग इतके हसले की बशीतला चहा धोतरावर, तेही आतोबांच्या. "ठीक है. जच्चा-बच्चा संभलने दो. अगली सूची में देखेंगे."

सवा महिन्यानं पाहिलं तर आत नवी बाळंतीण. यादी पुढं गेली. साहेब चौकशी करत, "कैसी है तबीयत?" आतोबा गंभीरपणे सांगत, "जी, फिर से." शेवटी ते इंदुरातच निवृत्त झाले.

पुढंही दर खंडेनवमीला आत्या पट्ट्यांवर चिमूटभर अक्षता वाहायची. मी ओंजळभर.