विमानातला पांढरा गालिचा

ती घटना आठवली की आजही मला घाम फुटतो आणि मागोमाग हसू येतं. तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात ठाणेदार होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक वैमानिक फिर्याद घेऊन आला. त्याचे मालक आठ आसनांच्या खासगी विमानाने कामासाठी आले होते आणि विमान चार दिवसांपासून धावपट्टीवर उभं होतं. आतला पांढरा गालिचा गायब, दारावर मात्र एक ओरखडा नाही. "कुलूप मीच लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात आहे," तो छातीठोकपणे म्हणाला. म्हणजे बनावट किल्ली, म्हणजे सराईत टोळी, असे आमचे तर्क धावू लागले.

दुपारी खबर दिली ती धावपट्टीजवळच्या लोहारा गावातल्या एका इस्त्रीवाल्याने. "साहेब, एक जण मले इचारून राह्यला होता, का पांढऱ्या गालिच्यावरचे लाल डाग कशानं जातीन." लाल म्हटल्याबरोबर आमच्या हवालदारांनी टोपी नीट केली. एवढ्या नोकरीत त्यांच्या वाट्याला एकही खून आला नव्हता.

इस्त्रीवाल्याने सांगितलेल्या घरी गालिचा तारेवर वाळत होता. घर निघालं धावपट्टीच्या चौकीदाराचं. पन्नाशीचा, कंत्राटी नोकरीवरचा माणूस. मी डाग जवळून पाहिला. ती हळद होती. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरोघरी ठाऊक असतं. हवालदार हिरमुसले.

"पूजेची हाय साहेब," चौकीदार म्हणाला. "दसऱ्याले साऱ्या गाड्यायची पूजा होते. तुमच्या जीपले बी हार होता. मंग त्या इमानालेच काहून नाही? माह्या राखणीत उभं होतं ते. बायकोनं ताट आणलं."

"आणि आत कसा गेलास?"

"आत कायले जाईन? गालिचा बाहेरच पडून होता. मले ते दार उघडताच येत नाही."

इथून तो तसूभर हलेना. त्याचं भय मला कळत होतं. आत गेल्याचं कबूल केलं की बनावट किल्लीचा आळ, कोठडी, आणि नोकरी तर गेलीच. मी दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं. चहा त्याने घेतला.

पंचनाम्यासाठी त्याला घेऊन धावपट्टीवर गेलो. वैमानिकाने दार उघडलं. ते वरून खाली पडतं आणि त्याच्या आतल्या बाजूलाच पायऱ्या असतात. मग तो मालकांना आणायला गावात गेला. चौकीदाराला शिपायाजवळ बाहेर बसवून मी आणि हवालदार आत चढलो. आत सायीच्या रंगाच्या चामडी खुर्च्या, भिंतीतून निघणारी चकचकीत टेबलं. हवालदार एका खुर्चीत बसून गोल फिरले आणि "तपासतो" म्हणाले. मग "कुलूपही तपासतो" म्हणत त्यांनी दोरी ओढून दार वर घेतलं आणि दांडा फिरवला. दार लागलं ते लागलंच, आतून काही केल्या उघडेना.

ऑक्टोबरचं ऊन, वारा बंद, वैमानिकाचा फोन लागेना. दहा मिनिटांत आम्ही दोघं उकडलेल्या बटाट्यासारखे झालो. बाहेर आमचा शिपाई कडीशी झटत होता. गोल खिडकीतून मला चौकीदार दिसत होता, मान खाली घालून बसलेला. मग तो उठला. शिपायाला बाजूला केलं, कडीतली कळ दाबली, दांडा ओढून फिरवला आणि दार अलगद हातावर घेऊन खाली सोडलं.

"पूर्ण टेकू द्या साहेब, मंग पाय ठेवा," तो म्हणाला. मी उतरल्यावर त्याने दोन्ही हात पुढे केले. "आता लिवा. येते मले."

"किल्ली कुठून आणलीस?"

"किल्ली कायले लागते? कुलूपच नव्हतं. पायलटसाहेब दार उघडतानी रोज पाहून राह्यलो होतो मी. आत आरती ओवाळतानी ताट कलंडलं, म्हणून गालिचा धुवाले नेला."

तोवर वैमानिक मालकांना घेऊन आला. कुलूप लावायचं राहिलं होतं, हे त्याने घसा खाकरत मान्य केलं. मालकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "नारळ फोडला होता का?"

"चाकापाशी, जी."

"मग तक्रार नाही. आणि ह्यांची नोकरी जाता कामा नये," ते म्हणाले. मला मनापासून बरं वाटलं.

निघताना मी चौकीदाराला बाजूला घेतलं. वैमानिक येईपर्यंत गप्प बसला असतास तर सुटला असतास, मग दार का उघडलंस?

"आत लई गरम होते साहेब. दार लावून आमी ते डाग पुसत होतो, तं बायकोले चक्कर आली. तुमाले बी आली असती."

खरं बाहेर काढायचं तर माणसाला आत घालावं लागतं, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या दिवशी आत मी होतो.