पिंपाएवढा ड्रम

सुक्या जवळ्याचा वास आला की मला पिंपाएवढा एक ड्रम आठवतो. नव्वदीतली गोष्ट. करावे गावात बहिणीची हळद होती आणि आदल्याच दिवशी आमच्या बँजो पार्टीचा फ्लोअर टॉम, म्हणजे तीन पायांवर उभा राहणारा ड्रम, फुटला. शेजारच्या सारसोळे गावात एका घरी त्याहून मोठा सापडला. वरचं पान, म्हणजे ज्यावर काठी पडते तो पडदा, काढून तिथल्या म्हातारीने आत जवळा साठवला होता. पान परत चढवून मी सकाळपासून उन्हात ओळीने नट आवळत होतो, पण आवाज भिजल्या गोणीसारखाच. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, विचारणार कोणाला? पहाटेच खाडीत जाऊन आलेले, नुसती फळी ठोकून होडीचा तडा ओळखणारे बाबा दारात बसून बघत होते. शेवटी उठले. “आरं, समोरासमोरचं नट आवल. एका अंगानं खेचलं तं पान रडल नाय तं काय? पदवी तुजी, कान माजं!” प्रत्येक नटाजवळ टिचकी मारून ऐकत त्यांनी तासभर स्पॅनर फिरवला, आणि ड्रम घुमला. हळदीत सगळे म्हणाले, “ग्रॅज्युएटनं लावला!” मी मान डोलावली. बाबा शेजारीच भिंतीला टेकून झोपले होते. आता मीही तसाच दमून दारात बसतो. तो ड्रम बाबांनी लावला होता, हे हल्ली कोणालाही सांगतो; ज्यांच्या कानावर पडायला हवं होतं, ते बाबाच आता नाहीत.